कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेनंतर बालकाचे श्रवण व भाषा पुनर्वसन : विश्रांतवाडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

जन्मतः तीव्र स्वरूपाचा श्रवणदोष असलेल्या बालकांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट ही आज मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे. शस्त्रक्रियेची जखम काही दिवसांत भरून येते. परंतु ऐकणे, समजणे आणि बोलणे या क्षमता विकसित होण्यास अनेक वर्षे लागतात. हा दुसरा टप्पा रुग्णालयाच्या तुलनेत घरात अधिक घडतो आणि तो घरच्या भाषेत घडतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे टप्पे, मराठी भाषेच्या रचनेमुळे निर्माण होणारे विशेष प्रश्न, पुण्यातील विश्रांतवाडीसारख्या उपनगरातील ध्वनिपर्यावरण आणि शासकीय योजनांची मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कॉक्लिअर इम्प्लांट, श्रवणवय, मॅपिंग, मराठी भाषासंपादन, कुटुंबकेंद्री पुनर्वसन.

प्रस्तावना

'कानावर पडणे' हा मराठीतील वाक्प्रचार भाषासंपादनाचे मर्म नेमके सांगतो. मूल पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते ते साधारणतः वर्षाच्या सुमारास. तोपर्यंतचा काळ ते घरातील बोलणे ऐकण्यात घालविते. त्यास कोणी मुद्दाम शिकवीत नाही. स्वयंपाकघरातील संभाषण, आजीची हाक, दारावर आलेल्या भाजीवाल्याचे ओरडणे हे सारे त्याच्या कानावर पडत राहते आणि त्यातूनच भाषेचा साचा तयार होतो. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हा काळ रिकामा जातो. श्रवणदोष डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तो लक्षात येण्यासही विलंब होतो. मूल हसते, खेळते, नजरेला नजर देते. 'काही मुले उशिराच बोलतात' या समजुतीवर पहिली दोन-तीन वर्षे सहज निघून जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. यांपैकी सर्वांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट आवश्यक अथवा योग्य असते असे नाही. परंतु ज्या बालकांना शक्तिशाली श्रवणयंत्राचाही पुरेसा उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय महत्त्वाचा ठरला आहे. या विषयाची चर्चा बहुधा शस्त्रक्रियेच्या यशाभोवती फिरते. शस्त्रक्रियेनंतर मूल 'बरे' होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

उपकरणाचे स्वरूप व अल्प इतिहास

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखाप्रमाणे सुमारे अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो; त्यास कॉक्लिया म्हणतात. त्यातील सुमारे १५ हजार केशपेशी ध्वनिलहरींचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवण मज्जातंतू ते संदेश मेंदूकडे नेतो. कॉक्लियाच्या पायथ्याशी उंच पट्टीचे आणि टोकाकडे खालच्या पट्टीचे ध्वनी ग्रहण केले जातात. जन्मजात बधिरत्वात बहुतेक वेळा केशपेशी निकामी असतात, मज्जातंतू मात्र शाबूत असतो. श्रवणयंत्र केवळ आवाज मोठा करते. तो स्वीकारणाऱ्या पेशीच नसतील तर मोठ्या आवाजाचा उपयोग होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या निकामी पेशींना वळसा घालून मज्जातंतूला थेट विद्युत्-उद्दीपन देते.

उपकरणाचे दोन भाग असतात. कानामागे लावावयाच्या बाह्य भागात ध्वनिग्राहक आणि ध्वनीचे विश्लेषण करणारा प्रोसेसर असतो. चुंबकाच्या साहाय्याने डोक्यावर चिकटणारी चकती हे विश्लेषण त्वचेखालील ग्राहकाकडे पोहोचविते. तेथून निघालेली इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लियात सरकविलेली असते. प्रचलित उपकरणांत इलेक्ट्रोडची संख्या १२ ते २२ इतकी असते. हजारो पेशींचे काम इतक्या थोड्या बिंदूंनी करावयाचे असल्यामुळे मिळणारे श्रवण नैसर्गिक श्रवणासारखे नसते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

श्रवण मज्जातंतूस विजेने उद्दीपित करण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयोग १९५७ मध्ये पॅरिस येथे जुर्नो व एरिएस यांनी केला. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाऊस यांनी आणि १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅहम क्लार्क यांनी या संशोधनास पुढे नेले. क्लार्क यांच्या उपकरणात अनेक इलेक्ट्रोड असल्यामुळे बोलण्यातील स्वर-व्यंजनांचे भेद पोहोचविणे शक्य झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८४ मध्ये प्रौढांसाठी आणि १९९० मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी मान्यता दिली. २००० मध्ये ही मर्यादा १२ महिन्यांवर आणि २०२० मध्ये एका उपकरणाच्या बाबतीत ९ महिन्यांवर आली. महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेच्या प्रसारात अग्रभागी असलेले मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री सन्मान प्राप्त झाला.

वयोमर्यादा सतत खाली येत गेली याचे कारण मेंदूच्या विकासात आहे. अनू शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की साधारणतः साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूतील श्रवणकेंद्राचा प्रतिसाद अल्पावधीत वयानुरूप होतो. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत तसे होत नाही. ऐकण्यासाठी राखीव असलेला मेंदूचा भाग वापराविना राहिल्यास इतर संवेदनांच्या कामी लागतो. म्हणूनच निदानातील प्रत्येक महिना मोलाचा ठरतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हे सूत्र याच कारणाने स्वीकारले गेले आहे.

शस्त्रक्रिया व जखम भरण्याचा काळ

शस्त्रक्रियेपूर्वी श्रवणचाचण्यांबरोबरच सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. तपासण्या केल्या जातात. कॉक्लियाची रचना व श्रवण मज्जातंतूचे अस्तित्व यांची खात्री त्यातून होते. काही महिने श्रवणयंत्र वापरून त्याचा लाभ होतो का हेही पाहिले जाते. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका काहीसा अधिक असल्यामुळे न्यूमोकॉकस जंतूंविरुद्धचे लसीकरण आवश्यक मानले जाते.

शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन केली जाते व तीस साधारणतः दोन ते तीन तास लागतात. कानामागे छेद घेऊन तेथील हाड कोरले जाते आणि त्या वाटेने इलेक्ट्रोडची तार कॉक्लियात सरकविली जाते. कॉक्लिया जन्मतःच पूर्ण आकाराची असल्यामुळे मूल वाढले तरी ती तार अपुरी पडत नाही. कवटीच्या वाढीसाठी तारेस थोडी सैल जागा ठेवलेली असते. चेहऱ्याच्या हालचाली नियंत्रित करणारा मज्जातंतू याच मार्गालगत असल्यामुळे शल्यविशारदास विशेष दक्षता घ्यावी लागते. उपकरण कार्यरत असल्याची चाचणी मूल भुलेत असतानाच केली जाते.

त्यानंतरचे दिवस पालकांना भीतिदायक वाटले तरी बहुतांशी सुरळीत जातात. डोक्याला गुंडाळलेली पट्टी, कानामागील सूज, एक-दोन उलट्या, चालताना थोडा झोक जाणे आणि चिडचिड ही सामान्य लक्षणे होत. बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत घरी जातात आणि आठवडा-दहा दिवसांत खेळू लागतात. ताप, जखमेतून स्राव, नाकातून पाण्यासारखा द्रव येणे, चेहरा एका बाजूस वाकडा होणे किंवा मान ताठ होणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

या काळात मूल अद्याप काहीही ऐकत नसते. नातलग भेटीस येतात, टाळी वाजवून पाहतात आणि मुलाने मान वळविली नाही की निराश होतात. शस्त्रक्रियेने केवळ मार्ग खुला झालेला असतो. त्यावरून ध्वनी अजून जावयाचा असतो, ही गोष्ट कुटुंबास आधीच समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

स्विच ऑन आणि मॅपिंग

जखम भरल्यानंतर, साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी, बाह्य प्रोसेसर प्रथमच सुरू केला जातो. यास स्विच ऑन म्हणतात. या क्षणाची चित्रे लोकांनी अनेकदा पाहिलेली असतात : आईचा आवाज ऐकून मूल हसते आणि सारे गहिवरतात. प्रत्यक्षात अनेक मुले रडतात, काही दचकतात, काही खेळता खेळता क्षणभर थांबतात, तर काही कोणताच प्रतिसाद देत नाहीत. ज्याने कधी ध्वनी अनुभवलाच नाही त्याला ही संवेदना सुखद वाटेलच असे नाही. या पहिल्या दिवसावरून पुढील प्रगतीचा अंदाज बांधणे योग्य नव्हे.

प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी ऐकू येणारा सर्वांत मंद आणि सहन होणारा सर्वांत मोठा प्रवाह किती, हे श्रवणतज्ज्ञ ठरवितो. या नोंदींच्या संचास मॅप म्हणतात. प्रौढ रुग्ण स्वतः सांगू शकतो. दीड वर्षाचे मूल सांगू शकत नाही. ते चोखणे थांबविते का, पापणी लवते का, आईकडे वळून पाहते का, यावरून निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे मॅपिंग एकदाच होत नाही. प्रारंभी दर आठवड्यास, पुढे काही महिन्यांच्या अंतराने आणि नंतर वर्षातून एक-दोनदा ते करावे लागते. घरी मुलाच्या वर्तनाची नोंद ठेवणारी आई ही येथे श्रवणतज्ज्ञाची मुख्य सहकारी असते.

श्रवणवय आणि ऐकण्याच्या पायऱ्या

इम्प्लांट झालेल्या मुलाची दोन वये मोजली जातात. जन्मापासूनचे एक आणि स्विच ऑनपासूनचे दुसरे. दुसऱ्यास श्रवणवय म्हणतात. तीन वर्षांच्या मुलाचे श्रवणवय सहा महिने असेल तर त्याची तुलना शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाशी करणे अन्यायकारक ठरते.

नॉर्मन अर्बर यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या श्रेणीनुसार ऐकण्याच्या चार पायऱ्या आहेत. आवाज आहे की नाही हे जाणवणे ही पहिली, दोन आवाजांतील फरक कळणे ही दुसरी, आवाज कशाचा हे ओळखणे ही तिसरी आणि ऐकलेल्याचा अर्थ समजणे ही चौथी पायरी होय. प्रोसेसर नीट चालतो का हे पाहण्यासाठी डॅनिएल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी दररोज सकाळी घेतली जाते. आ, ऊ, ई, म, श, स हे ते ध्वनी. बोलण्यात येणारा खालपासून वरपर्यंतचा पट्टा त्यांत सामावलेला आहे. 'ऊ' ऐकू येतो पण 'स' येत नाही, असे आढळल्यास मॅप किंवा यंत्र तपासून घेण्याची वेळ आली असे समजावे.

मासिकांतील लोकप्रिय मजकुरातून नव्हे, तर दीर्घकालीन निरीक्षणातून पुनर्वसनाचे महत्त्व सिद्ध झाले आहे. नायपार्को व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा केंद्रांतील १८८ मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान वयात इम्प्लांट होणे आणि पालक-बालक संवाद समृद्ध असणे या दोन्ही गोष्टींचा बोलीभाषेच्या अधिक चांगल्या विकासाशी संबंध दिसून आला. म्हणजेच यंत्राइतकेच घरातील बोलणेही निर्णायक ठरते.

मराठी भाषेचे विशेष

पुनर्वसनाचे बरेचसे साहित्य मुळात इंग्रजीत तयार झाले आहे. इंग्रजीत अनेकवचन शब्दान्ती येणाऱ्या 'स'सारख्या ध्वनीने दर्शविले जाते; म्हणून त्या साहित्यात उंच पट्टीच्या ध्वनींवर भर असतो. मराठीची व्यवस्था निराळी आहे. 'गेला, गेली, गेले' यांतील सारा भेद शेवटच्या, आघात नसलेल्या स्वरावर अवलंबून आहे. 'आईला दे', 'आईने दिले', 'आईकडे जा' यांत अर्थ ठरविणारा प्रत्यय शब्दाच्या शेवटी हळू उच्चारला जातो. मोठ्याने बोलणाऱ्या पालकाचाही आवाज वाक्याच्या शेवटी नेमका तेथेच खाली येतो. वाक्याचा शेवट न गिळता, परंतु न ओरडता, स्पष्ट उच्चारणे हे म्हणूनच मराठी घरांसाठी पहिले पथ्य होय.

व्यंजनांतही असेच आहे. पळ–फळ, कार–खार, दार–धार, गर–घर या जोड्यांत फरक आहे तो श्वासाच्या अत्यल्प झोताचा; वेल–वेळ, वात–वाट, मन–मण यांत तो जिभेच्या स्थानाचा. प, फ, ब, भ, म हे ध्वनी ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. केवळ ओठ वाचणाऱ्या मुलास ते वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे मुलासमोर बसून तोंड दाखवीत बोलण्यापेक्षा त्याच्या शेजारी, इम्प्लांट असलेल्या कानाच्या बाजूस बसून बोलण्याचा सल्ला वाचातज्ज्ञ देतात.

सुदैवाने मराठी बाळबोली या कामी अत्यंत अनुकूल आहे. 'भुर्र', 'टुण्ण', 'छुक छुक', 'हम्मा', 'म्याँव', 'चिऊ', 'काऊ' हे शब्द लांबी, लय आणि पट्टी या तिन्ही बाबतींत एकमेकांपासून ठळकपणे वेगळे आहेत. सलग लांबणारा 'म्याँव' आणि तुटक 'टक टक' यांतील भेद प्रारंभिक अवस्थेतील मुलासही कळू शकतो. आजीची चिऊ-काऊची गोष्ट व बडबडगीते ही परंपरेने चालत आलेली श्रवणप्रशिक्षणाची साधनेच आहेत असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आणखी एक प्रश्न सामाजिक स्वरूपाचा आहे. 'तू' आणि 'तुम्ही', 'ये' आणि 'या' यांचा वापर मुले सूचनेपेक्षा श्रवणानेच शिकतात. आई बाबांशी कसे बोलते, बाबा आजोबांशी कसे बोलतात, हे दुरून कानावर पडत असते. प्रोसेसरला दुरचे बोलणे नीट पकडता येत नाही. परिणामी असे मूल आजोबांनाही 'तू ये' म्हणते आणि परका मनुष्य त्यास उद्धट समजतो. इतरांना अनायासे मिळणारी गोष्ट या मुलास जाणीवपूर्वक द्यावी लागते. मुलाने इंग्रजी माध्यमात जावे म्हणून घरात तुटक इंग्रजी बोलण्याचा मोह अनेक पालकांना होतो. ज्या भाषेत पालक सहजपणे रागावू, हसू आणि गोष्ट सांगू शकतात, तीच भाषा मुलास सर्वाधिक समृद्ध ध्वनी पुरविते. म्हणून प्रथम घरची भाषा हेच सूत्र श्रेयस्कर होय.

घर व परिसर : विश्रांतवाडीचे ध्वनिपर्यावरण

विश्रांतवाडी हे पुण्याच्या ईशान्येकडील आळंदी रस्त्यावरचे उपनगर. टिंगरेनगर, धानोरी, कळस या वस्त्या त्यास लागून आहेत आणि लोहगाव विमानतळ जवळच आहे. शस्त्रक्रियेची सोय शहरातच असल्यामुळे येथील कुटुंबाची स्थिती दुर्गम तालुक्यातील कुटुंबापेक्षा बरी आहे. तथापि पुनर्वसनाच्या दृष्टीने या परिसराचा आवाज हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो.

सामान्य कान गोंगाटातून हवा तो आवाज निवडू शकतो. इम्प्लांटला ते फारसे जमत नाही. विमानाची घरघर, रस्त्यावरील हॉर्न, कुकरची शिट्टी, मिक्सर आणि सतत चालू असलेला दूरदर्शन संच यांच्या गर्दीत आईचे वाक्य हरवून जाते. लहान खोल्या आणि उघड्या सिमेंटच्या भिंती यांमुळे आवाज घुमतो. बोलणाऱ्याचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून हाताच्या अंतरावरून बोलणे, दिवसातून काही वेळ सर्व यंत्रे बंद ठेवणे, खिडकीस जाड पडदा लावणे, जमिनीवर सतरंजी अंथरणे हे बिनखर्चाचे अथवा अल्पखर्चाचे उपाय परिणामकारक ठरतात.

हाच गोंगाट शिक्षणाचे साधनही होऊ शकतो. विमान येताच कानाकडे बोट नेऊन 'ऐक!' म्हणावे, मुलाने ऐकल्यावर मगच आकाशाकडे दाखवावे. आधी आवाज, नंतर वस्तू, हा क्रम महत्त्वाचा. ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे येताना याच रस्त्याने जाते. टाळ-मृदंगाचा गजर एरवी चित्रात पाहिलेल्या वारीस ध्वनी मिळवून देतो.

सुरक्षिततेचे प्रश्नही स्थानिकच आहेत. एकाच कानात इम्प्लांट असलेल्या मुलास आवाज ऐकू आला तरी तो कोणत्या दिशेने येतो हे कळणे कठीण जाते. आळंदी रस्त्यासारखा वाहता रस्ता ओलांडताना ही उणीव जीवघेणी ठरू शकते. पावसाळ्यातील दमट हवेत प्रोसेसर रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावा लागतो. डोक्याला मार लागेल असे खेळ टाळावे लागतात.

शासकीय योजना व त्यांतील अंतर

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मजात बधिरत्वाचा समावेश त्यातील तपासणीत आहे. केंद्र शासनाच्या दिव्यांग साहाय्य योजनेत २०१४ मध्ये सुधारणा होऊन कॉक्लिअर इम्प्लांटसाठी प्रतिबालक ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची आणि वर्षाकाठी ५०० बालकांची तरतूद करण्यात आली. मुंबईतील १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामी मध्यवर्ती भूमिका बजावते. ज्या कुटुंबांना हे उपकरण स्वप्नातही परवडले नसते त्यांच्यासाठी या योजनांचे मोल मोठे आहे.

परंतु शस्त्रक्रिया मोजता येते, तिचे उद्घाटन करता येते. पुनर्वसन मोजणे अवघड असते. आठवड्यातून एक-दोनदा थेरपीसाठी जाणे म्हणजे रोजंदारीवरील पालकाचा तितक्या दिवसांचा रोजगार बुडणे. अनेकदा आईच नोकरी सोडते. बॅटरी, चकतीची केबल, दुरुस्ती आणि काही वर्षांनी नवा प्रोसेसर हा खर्च संपत नाही. केबल तुटली आणि ती घेण्यास महिना लागला, तर मूल महिनाभर पुन्हा बधिर होते. लाखो रुपयांचे उपकरण त्वचेखाली असूनही काही शे-हजार रुपयांच्या सुट्या भागाअभावी निरुपयोगी ठरावे, ही विसंगती धोरणकर्त्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

खुणांच्या भाषेचे स्थान

इम्प्लांट झाले म्हणजे बधिरत्व नाहीसे झाले असे नव्हे. स्नान करताना, झोपताना अथवा बॅटरी संपल्यावर ते मूल कर्णबधिरच असते. शिवाय सर्वच मुलांना सारखे यश मिळत नाही. उशिरा झालेले निदान, मज्जातंतूतील दोष अथवा अन्य अपंगत्व यांमुळे काहींची बोली मर्यादित राहते. अशा मुलास भाषेविना ठेवणे हे बधिरत्वाहून मोठे नुकसान होय. कर्णबधिर समाजातील अनेकांचा आग्रह असा, की खुणांची भाषा ही परिपूर्ण भाषा असून तिला अपयशाचा पर्याय मानू नये. २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने संप्रेषणाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला. घरात थोड्या खुणा येत असल्या तर स्नानाच्या वेळीही आई मुलाशी बोलू शकते, हा विचार दोन्ही पक्षांना जोडणारा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचे 'बरे होणे' हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. जखम बरी होते. भाषा घडवावी लागते. शल्यविशारदाचे काम काही तासांचे, श्रवणतज्ज्ञाचे काही वर्षांचे आणि कुटुंबाचे रोजचे असते. या साखळीतील शेवटची कडी सर्वांत अधिक भार वाहते आणि तिलाच सर्वांत कमी साहाय्य मिळते.

महाविद्यालयांना येथे करण्याजोगे बरेच आहे. मराठी विभागांनी मराठी ध्वनिव्यवस्थेवर आधारित शब्दयाद्या व गोष्टी तयार कराव्यात, मानसशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी पालकांसाठी मार्गदर्शनवर्ग घ्यावेत, शिक्षणशास्त्र विभागांनी भावी शिक्षकांना अशा मुलास वर्गात कोठे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून का बोलू नये हे शिकवावे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी नवजात बालकांच्या श्रवणचाचणीविषयी वस्त्यांतून माहिती द्यावी. यांपैकी कशासाठीही मोठा निधी लागत नाही. शासनाने दिलेले यंत्र मुलाच्या कानापर्यंत पोहोचते. त्या कानावर काय पडावे, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र समाजाची आहे.